डोन्या लिओकादियाचा आवाज

एदेलमिरा कियाला ही कॉलरी शिवून पोट भरणारी विधवा. दुपारी ती शिलाईखान्यात बसायची आणि सकाळी रेडिओ स्टेशनवर जायची. अकराच्या मालिकेत आंधळ्या रोसाल्बाचा छळ करणाऱ्या सावत्र आईचं, डोन्या म्हणजे बाईसाहेब लिओकादियाचं, काम तीच करायची. तिचा आवाज जन्मापासूनच खर्जातला. मायक्रोफोनसमोर उभी राहिली की ती कुणाच्या बापाला भीत नसे. भीती असायची ती बाहेर पडल्यावर.

एका शुक्रवारी लिओकादियानं रोसाल्बाला विहिरीशेजारच्या खोलीत कोंडलं आणि भाग संपला. सारं सान्तियागो शहर हळहळलं. दुसऱ्या दिवशी एदेलमिरा बाजारात गेली आणि नेहमीसारखी म्हणाली, "चार कच्ची केळी द्या, जरा मोठी बघून."

केळीवालीचा हात थांबला. "काय म्हणालीस? परत बोल बघू."

"चार केळी."

"अगं बायांनो, हीच ती! पोरीला कोंडणारी!"

बघता बघता दहा-बारा बायका जमल्या. कुणी हात धरला, कुणी केस ओढले. "किल्ली कुठाय, सांग!" एक म्हातारी रडत विचारत होती. मागून आलेला दगड कपाळावर बसला. एदेलमिरा टोपली टाकून उतारावरून धावत सुटली. त्या बायकांच्या डोळ्यांतला राग तिला विसरता येईना. तो अगदी खरा होता.

त्याच आठवड्यात तिनं बिऱ्हाड बदललं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका अंगणाभोवती अकरा खोल्या आणि मध्ये एक नळ, तिथे ती राहायला आली ती मुकी म्हणून. हवं ते बोट दाखवून मागायची, नाहीतर चिठ्ठी लिहायची. शेजारीण नेरेइदानं तिला लगेच पदरात घेतलं. "बिचारी! रोज सकाळी चर्चमध्ये जाते, बोलता येत नाही तरी," असं ती सगळ्यांना सांगायची. आणि संध्याकाळी कपडे धुताना एदेलमिराला मालिकेतला भाग रंगवून सांगायची. "ती लिओकादिया माझ्या हाती लागली ना, तर जीभच उपटीन बघ!"

एदेलमिरा मान डोलवायची. झोपेत आपण बडबडलो तर, म्हणून ती तोंडावर फडकं बांधून झोपायची. शिंक आली तरी दचकायची. खोकलासुद्धा आवाज चोरून.

असे चार महिने गेले. एका रविवारी दुपारी नेरेइदा अंगणात पाठमोरी उभी राहून कपडे वाळत घालत होती. मागे कोळशाची शेगडी. वाऱ्यानं तिचा झगा शेगडीवर गेला आणि काठानं पेट घेतला. तिला पत्ताच नाही. एदेलमिरा पलीकडे नळावर होती. धावून पोचायला वेळ नव्हता.

"नेरेइदा! झगा पेटलाय! मागे बघ!"

ओरडली ती पोटातून, मायक्रोफोनसमोर ओरडायची तशी. नेरेइदा वळली, पण झग्याकडे बघेना. ती एदेलमिराच्या तोंडाकडे बघत राहिली. दारादारांत उभी असलेली माणसंही तिकडेच बघत राहिली. आग गुडघ्यापर्यंत आली तरी कुणी हलेना. शेवटी एदेलमिरानंच नळाखालची भरलेली बादली उचलून तिच्या अंगावर रिकामी केली.

मग समोरच्या खोलीतला म्हातारा फेर्मिन जमिनीवर थुंकला आणि आत गेला.

एदेलमिरा खोलीत शिरली, कडी लावली, दाराला खुर्ची टेकवली. बाजारातला दगड तिला आठवत होता. बाहेर कुजबुज चालली होती. प्रत्येक पावलाबरोबर तिला वाटे, आले. आंघोळ नाही, जेवण नाही. सोमवारी ती स्टेशनवरही गेली नाही. त्या दिवशी मालिकेत लिओकादिया आजारी पडली म्हणे.

तिसऱ्या दिवशी दारावर थाप पडली.

"उघड. मी एकटीच आहे."

नेरेइदाच्या पायाला पट्टी होती आणि हातात कॉफी. ती आत आली आणि कॉफी पुढे ठेवून बसली. मग म्हणाली, "चार महिने मला वेडी बनवलंस."

"भ्याले गं."

तो आवाज ऐकून नेरेइदाच्या अंगावर काटा आला. एदेलमिराला तो दिसला.

"ती आंधळी पोरगी शेवटी वाचते का, तेवढं सांग."

"मला काय माहीत! संवादांचा कागद त्याच सकाळी हातात पडतो."

"बघ हं, ती मेली तर अंगणातल्या बायकांना मी नाही आवरू शकणार." ती हसली नाही.

पुढचे सहा आठवडे एदेलमिरा रोज कागद उघडून आधी रोसाल्बाचं नाव शोधायची. शेवटी रोसाल्बा वाचली आणि लिओकादिया पुरात वाहून गेली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा अंगणात लोकांनी टाळ्या पिटल्या. नेरेइदानं तिला मिठी मारली. "मेलीस एकदाची!" म्हणून ती रडली.

एदेलमिरानं रेडिओवरचं काम सोडलं. शिवणावर कसंबसं भागू लागलं. वर्षभरानं नवी मालिका सुरू झाली. आता तीही सगळ्यांबरोबर ऐकायला बसे. एका सकाळी मालिकेतल्या सासूनं सुनेच्या पुढ्यातलं ताट ओढलं आणि एदेलमिराच्या तोंडून निघून गेलं, "मेल्ये, तुझे हात झडोत!"

सगळ्या हसल्या. पण त्या सासूला आवाज देणारी बाई शहरात कुठे राहत असेल, बाजाराला कशी जात असेल, हेच दिवसभर एदेलमिराच्या मनात घोळत राहिलं.