अडकलेली चावी

कुठलंही औषध देण्याआधी ते कमरेची, औषधांच्या कपाटाची चावी काढून माझ्यापुढे धरत आणि विचारत, "ही कुलपात गेली, म्हणजे कुलूप उघडलंच का?"

वसईच्या आमच्या दवाखान्यातले ते मोठे कंपाउंडर. निर्मळहून सायकलवर येत. सगळे त्यांना मामा म्हणत. मी त्यांच्या हाताखालचा, दोन मुलांचा बाप.

शिकवल्याशिवाय घास न गिळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकदा डबा खाताना म्हणाले, "औषधाच्या रेणूला आकार असतो. शरीरात त्या मापाची कुलपं असतात. पायलोकार्पिन डोळ्यातल्या कुलपात बसतं, फिरतं, बाहुली लहान होते. ॲट्रोपिन त्याच कुलपात बसतं, पण फिरत नाही, बाहुली मोठीच राहते. अडकून राहतं आणि खऱ्या चावीला आत येऊ देत नाही."

"मग काढायचं कसं, मामा?"

"वाट बघायची. भाजी सरकव इकडे."

तेव्हा लोक औषधाला बाटली घरून आणत. अर्नाळ्याची एक कोळीण काचबिंदूसाठी, डोळ्यातला दाब उतरवायला, पायलोकार्पिन न्यायची. तिची बाटली फुटली, म्हणून ती शेजारणीची रिकामी बाटली घेऊन आली. मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचलीच नाही. बाटलीवरचं जुनं लेबल वाचलं आणि ॲट्रोपिन भरून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला टांग्यातून आणलं. डोळा लालभडक, बाहुली टपोरी, उलट्या थांबेनात.

"मामा, डोला फुटतो माजा! कसलं पानी दिलं?"

मामांनी लेबल पाहिलं, मग माझ्याकडे. ते दर पाच मिनिटांनी पायलोकार्पिन घालत राहिले. बाहुली हलेना.

"अडकलीये," ते पुटपुटले.

तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. डोळा गेला.

"बाटली कोणी भरली?" आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"मी," मामा म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांची नोकरी गेली. सायकलपाशी मी त्यांचा हात धरला. "मामा, तुम्ही का?"

"तुझी पोरं लहान आहेत." मग चावी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "चिठ्ठी वाचत जा, गाढवा."

बाटली मी भरली होती. हे मी तेव्हा बोललो नाही, ते वारले तेव्हाही नाही. कोळिणीचा डोळा घालवला म्हणून गावात अजून त्यांचंच नाव घेतात.

मामांची नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी बाकावर माणसं खोळंबली होती. मी औषधांच्या कपाटापुढे उभा राहिलो. चावी पुढे धरून तो प्रश्न विचारणारं आता कोणी नव्हतं. चावी कुलपाच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा घसरली, आत जाईना.