काकाच्या अन् आमच्या मधला बांध

आक्का नकाशावरची सरहद्द बोटानं झाकायची आणि विचारायची, "आता सांग, ह्यो वाघ कुण्या देशाचा?"

ही माझी थोरली बहीण. जालन्याला कॉलेजात भूगोल शिकवायची, शनिवारी मंठ्याजवळ आमच्या गावी यायची. आली की मोबाईलवर एकच शोध. भांडणाऱ्या दोन देशांनी एक नदी, एक जंगल मिळून कसं राखायचं, हे कुठं शिकवतात? शिष्यवृत्ती कोण देतं? आई वैतागायची, "आपल्याकडं कुठली आली गं सरहद्द?"

"बांध हाय की! काकाचं अन् आपलं बोलणं कशापायी बंद हाय मंग?"

त्याच बांधावर तिनं काम मांडलं. बांधाला नांगर लावायचा नाही, हे काकाकडून आणि माझ्याकडून वेगवेगळं कबूल करून घेतलं. गवत वाढलं, कडुलिंबाची रोपं धरली, होले घरटी करू लागले. एकदा काकानं आमच्या बाजूच्या रोपालाही पाणी घातलं, तर आक्का दिवसभर तेच सांगत राहिली. परदेशातल्या एका विद्यापीठाला हे काम आवडलं. शिष्यवृत्तीची शेवटची मुलाखत बांधावरूनच, व्हिडिओवर व्हायची होती. काकाही शेजारी उभा राहणार होता.

त्याच आठवड्यात मी बांध कोरला. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "मालक, बांध थोडा आत घेऊ का?" सगळेच घेतात, आपण काय येडे? म्हणालो, "घे."

दुसऱ्या दिवशी काकानं लिंबाची सगळी रोपं तोडली. आक्का तिथंच उकिडवी बसली. काका म्हणाला, "तुझ्या भावालाच इच्यार, पोरी." मी ट्रॅक्टरवाल्यावर ढकललं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मुलाखत तिनं दिलीच नाही. "घरात टिकलं न्हाई, ते दुनियेला काय दाखवू?"

आता ती जालन्यातच, मस्तगडला एका खोलीत एकटी राहते. पोरं येतात, त्यांना अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या शोधून देते. काही जण गेलेही बाहेर. मला राखी बांधते, बराबर बोलते. शेतात मात्र पुन्हा पाय ठेवला नाही.

परवा जाऊन सांगून टाकलं, "आक्का, मीच घे म्हणलो होतो."

ती एका पोरीचा अर्ज तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाव हाय. काकाला सांगितलंस?"

"न्हाई."

"मंग माझ्याकडं कशाला आलास?"

काकाचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी अजून गेलेलो नाही.