एक नोव्हेंबरचे बाऊजी

कॅलेंडरातल्या एकाच तारखेला एवढा जीव लावणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात दुसरा नसेल. नवऱ्याची हवाई दलातली बदली चंदीगडला झाली आणि आम्ही शेजारच्याच मोहालीत, एयरोसिटी नावाच्या वसाहतीत ज्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो, ते हे घरमालक. निवृत्त इतिहास-मास्तर, सगळे त्यांना बाऊजी म्हणत. भाड्याच्या गोष्टी राहिल्या बाजूला, पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "बेटा, एक नवंबर को क्या हुआ था?" मी कोल्हापूरची. मला कुठलं ठाऊक असायला? मग तासभर ऐकलं. सहासष्ट साली त्या दिवशी पंजाबातून हरियाणा वेगळा झाला आणि चंदीगड केंद्राकडे जाऊन दोघांचीही राजधानी ठरलं. बाऊजी तेव्हा अंबाल्याजवळच्या खेड्यात, आठ वर्षांचे. "रात को पंजाब में सोया, सुबह हरियाणा में उठा. चारपाई वही थी!" हे वाक्य ते दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत.

त्या तारखेला सकाळी ते बिनसाखरेचा चहा घेत, कारण त्यांच्या आईचं माहेर परराज्यात गेलं म्हणून ती रडली होती. दुपारी मात्र हरियाणाच्या वाढदिवसाची जिलबी! चाळीस माणसं जेवायला आणि जेवणाआधी भाषण. पंजाबातल्या पतियाळ्याच्या बीजी, म्हणजे त्यांची बायको, "चंदीगड साडा है जी," चंदीगड आमचंच, एवढंच म्हणत आणि कढईतली जिलबी उलटत.

आमच्या तिसऱ्या वर्षी, नेमक्या त्याच तारखेला, जेवणवेळेच्या जरा आधी, माझी सात वर्षांची इरा पोटात कळा येऊन गडाबडा लोळायला लागली. नवरा ड्यूटीवर, दूर. कॅब मिळेना. इराला उचलून मी जिना उतरले तर अंगणात मांडव, माणसं जमलेली, बाऊजी भाषणाला उभे. त्यांनी इराचा चेहरा पाहिला, कागद खिशात कोंबला आणि गाडी काढली. अपेंडिक्स होतं, तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. इतकं बोलणारा तो माणूस माझी पर्स मांडीवर घेऊन चार तास ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत बसला होता. "बाऊजी, तुमचा कार्यक्रम..." मी हिंदीत म्हणायला गेले, तर म्हणाले, "हरियाणा तो हर साल पैदा होता है, बेटा. इरा एक ही है."

मग डॉक्टर बाहेर आले, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि रडले ते बाऊजी. मला रडायची सवडच दिली नाही.

आता आम्ही नाशिकला असतो. यंदा एक मेला सकाळी सहा वाजता फोन वाजला. बाऊजींचा आवाज थकलेला, मधूनमधून धाप लागत होती. "मुबारक हो! आज तुम्हारा महाराष्ट्र बना था. सब पढ़ लिया मैंने, सुनाऊँ?" मला तर तो दिवस फक्त सुट्टीचा म्हणून आठवत होता. इराला उठवलं, फोन स्पीकरवर ठेवला, आणि आमच्याच राज्याचा जन्म आम्ही दोघी मायलेकी अंथरुणात बसून हिंदीतून ऐकत राहिलो.