नाडीमावशींची दोन बोटं

सकाळी सहाला मैदानालगतच्या खोलीत नाडीमावशी स्टुलावर बसत. पूर्वी त्या दवाखान्यात नर्स होत्या. गेली एकोणीस वर्षं धावपटूंच्या नोंदी त्यांच्याकडे. सरावाआधी प्रत्येकाने हात पुढे करायचा. दोन बोटं, एक घड्याळ, पूर्ण एक मिनिट. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त भरले की अंग अजून थकलेलं आहे. त्या दिवशी धावायचं नाही. मावशींच्या या शब्दापुढे प्रशिक्षकांचंही काही चालत नसे.

मग मनगटी पट्टे आले आणि हात पुढे करणं बंद झालं. रात्री झोपताना बांधायचे, सकाळी पडद्यावर झोपेतल्या ठोक्यांचा आकडा हजर. आकड्याखाली रात्रभराच्या ठोक्यांची रेघ असे, ती सहसा कोणी बघत नसे.

संघनिवडीची शर्यत तोंडावर आली तेव्हा एका मुलीचा आकडा उतरू लागला. बावन्न, अठ्ठेचाळीस, त्रेचाळीस.

"याला म्हणतात काळीज! पोरगी घोडा आहे, घोडा," प्रशिक्षक म्हणाले आणि त्यांनी तिचा सराव वाढवला.

"मग घोड्याच्या डोळ्यांखाली काळं का?"

"मावशी, तुम्ही यंत्रावर जळता."

निवडीच्या सकाळी आकडा छत्तीस होता. मावशींनी सवयीने मुलीचं मनगट धरलं. ब्याऐंशी. पुन्हा मोजलं. ब्याऐंशीच.

"रात्री पट्टा कोणाच्या हातात असतो गं?"

मुलगी आधी हसली. मग हळूच म्हणाली, "सरांना सांगू नका ना. मला झोपच लागत नाही. माझे आकडे बघून त्यांनी मला घरी बसवलं असतं. म्हणून बाबांना बांधते. ते हल्ली दिवसाही पेंगत असतात."

मावशींनी पडदा जवळ ओढला. तीन आठवडे ज्या काळजाचं कौतुक चाललं होतं, ते एका म्हाताऱ्या माणसाचं होतं. आजची रेघ चार वाजून दहा मिनिटांनी संपली होती.

"पट्टा कधी सोडलास?"

"साडेपाचला. त्यांना कळलंसुद्धा नाही. हात किती गार पडला होता, मीच पांघरूण घातलं."

बाहेर शर्यतीसाठी पुकारा सुरू झाला. पहिलं नाव तिचंच होतं. ती उठली, पण मावशींनी मनगट सोडलं नाही.

"आधी घरी चल," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोटांखाली ठोके भराभर वाढू लागले.