वहिनींच्या खिडकीसमोरचा शिंपला

या सदरातले अनुभव मी आजवर जेवणानंतरच्या सुपारीसारखे चघळत आलो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय… आणि लिहिणाऱ्याचा एक मित्र, साक्ष द्यायला जो नेमका हयात नसतो. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. तरी लिहितो.

यवतमाळात लोहाऱ्याच्या बाजूला, कारखान्यांच्या मागच्या ले-आउटमध्ये माझ्या थोरल्या भावाचं घर आहे. दादा सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले — म्हणजे कागदोपत्री झाले. गेटवरच्या संगमरवरी पाटीवर हुद्दा ठळक आहे, ‘सेवानिवृत्त’ वाचायला मात्र चष्मा लागतो. घरापुढच्या बागेचंसुद्धा त्यांनी रीतसर उद्घाटन केलं होतं, क्रोटनच्या दोन कुंड्यांना फीत बांधून. त्या बागेत, पुढच्या खोलीच्या खिडकीसमोर, लोखंडी दांड्यावर एक विंड चाइम टांगलेली होती. पत्र्याचा तळहाताएवढा शिंपला, त्यावर गुलाबी, निळे, पिवळे पट्टे, आणि खाली पाच पोकळ नळ्या. वहिनींनी नागपूरच्या कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेली. त्या घरात निव्वळ त्यांच्या पसंतीची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू.

गेल्या उन्हाळ्यात वहिनींचे डोळे पिवळे झाले. नागपूरला तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांच्या केबिनबाहेरच दादांनी आदेश काढला… हिला कळता कामा नये, सगळ्यांनी कावीळ म्हणायचं. डोळे पिवळे होतेच, पुरावा आयता होता.

पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला. येणाऱ्या प्रत्येकाला दादा गेटवर गाठून सूचना देत. पण त्यांच्या योजनेत एक चूक होती. आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की लोक गप्प होतात. कावीळ म्हटलं की प्रत्येकाकडे औषध असतं. कोणी पाल्याचा रस आणला, कोणी भुकटी. मुकुटबनहून, वहिनींच्या माहेराहून, त्यांची चुलतबहीण शांताबाई काविळीवरचा उतारा म्हणून औषधी मुळ्यांची माळ घेऊन आली. रस वहिनी पीत आणि ओकत. दादांना नाही म्हणता येईना, कावीळ त्यांनीच जाहीर केली होती.

माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते माळेच्या दिवशी. दुपारचे तीन, वैशाखातलं ऊन, बाहेर पान हलत नव्हतं. शांताबाईनं वहिनींच्या गळ्यात माळ घातली आणि म्हणाली, आठ दिवसांत उठून बसशीन तू. बाहेर चाइम वाजली. वाऱ्यानं किणकिणते तशी नाही. एकच नळी, एकदा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन ‘सुधारणा आहे’ म्हणाले — वाजली. दादा म्हणाले, दिवाळीला तिरुपतीला जाऊ — वाजली.

मग मी मास्तरकी सुरू केली. शिंपल्याशेजारी पातळ कागदाची पट्टी बांधली. चाइम वाजायची तेव्हा पट्टी ढिम्म. खारी पाहिल्या, पाखरं पाहिली, कारखान्याकडे जाणारे ट्रक आणि आवाजाच्या वेळा वहीत टिपल्या, मेळ बसेना. खिडकीशी उभं राहून, सूर्य पश्चिमेला उगवतो असंही सांगून पाहिलं. शांतता. दादांच्या नोकरीतल्या पराक्रमांनाही ती वाजत नसे, नाहीतर आठवड्याभरात तिच्या दोऱ्या झिजल्या असत्या. वाजायची ती फक्त त्या खोलीत वहिनींच्या दुखण्याबद्दल कोणी खोटं बोललं तर.

एकदा दादांनी ती काढून ठेवली. आवाजाचा त्रास होतो म्हणाले. वहिनींनी दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही. संध्याकाळी ती पुन्हा टांगावी लागली.

एका रविवारी सकाळी दादा कुठल्याशा सत्काराला गेले होते. मी पलंगाशी पेपर वाचत बसलो होतो.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “मले कावीळ नाही ना?”

उत्तर जिभेवर तयार होतं. मी नकळत खिडकीकडे पाहिलं… आणि वहिनीही तिकडेच पाहत होत्या. म्हणजे इतके दिवस त्याही ऐकत होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “कॅन्सर आहे, वहिनी. फार दिवस नाहीत.”

बाहेर काहीही वाजलं नाही.

त्यांनी गळ्यातली माळ हळूहळू काढली आणि माझ्या हातात दिली.

“मंग हे कायले घालून राह्यलतो आपण,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या दादाले सांगू नका, मले माहीत हाये म्हून. ते मोडून जातीन.”

त्या दिवसापासून रस बंद झाला. पोटात आग होते, एवढंच कारण त्यांनी दादांना दिलं. शांताबाईला बोलावून कोणती साडी कोणाला द्यायची ते सांगितलं. एकदा भाकरी आणि ठेचा मागितला, दोन घास खाल्ले, ते मात्र पोटात राहिले.

रोज संध्याकाळी दादा पलंगाशी बसून विचारायचे, कसं वाटतं. वहिनी म्हणायच्या, “बरं वाटून राह्यलं.” हाडं वर आलेली, बोलताना दम लागायचा. मी कोपऱ्यात बसून दर वेळी त्या शिंपल्याकडे पाहायचो. अकरा संध्याकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर. चाइम एकदाही वाजली नाही. बाराव्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या.

ती वाजत होती याचं कारण अजून मी शोधतो आहे. पत्रा उन्हानं तापतो, प्रसरण पावतो… वर्गात फळ्यावर मांडता येईल असं काहीतरी कदाचित सापडेलही. पण त्या अकरा संध्याकाळी ती गप्प का राहिली, वहिनी खोटं बोलत होत्या की नव्हत्या, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही.

दादा भेटायला येणाऱ्यांना अजून सांगतात, शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाही. मी शेजारी बसलेला असतो. लोक माझ्याकडे पाहतात, आणि मी मान डोलावतो.