रोक्काविंताला जाणारी सव्वाआठची बस

ओत्तोरीनो पिएराली माणूस सोन्यासारखा, त्यात वादच नाही. मोदेनात शहर-बसवर बावीस वर्षं काढली, पण कधी उशीर नाही की प्रवाशाशी तंटा नाही. म्हाताऱ्या बाया लांबून धावत येताना दिसल्या की हा दार उघडं ठेवायचा. खोड एकच होती. वाईट बातमी हातात आली की ती पुढे ढकलायची. आजचं मरण उद्यावर, हा त्याचा जन्माचा बाणा. त्याची बायको नीवेस म्हणायची, "याची दाढ दुखतेय हेसुद्धा मला शेजारणीकडून कळतं."

निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुना कॅम्पर घेतला. आत दोन माणसांची झोपायची जागा, दोन बर्नरची शेगडी आणि उभं राहून जेमतेम अंग धुता येईल एवढी मोरी. सप्टेंबर संपत आला की दोघं निघायची आणि डोंगरमाथ्यावरची गावं करत करत दक्षिणेला उतरायची. ग्युब्बिओ, मोंतोने, बेवान्या, मोंतेफाल्को. गाडी गावाच्या वेशीतून आत शिरायची नाही, आरसे मिटले तरी नाही. म्हणून ती पायथ्याला लावायची आणि चढण चढायची. नीवेस वाटेत तीनदा टेकायची आणि तिन्ही वेळा म्हणायची, "या लोकांना सपाटीवर घरं बांधायला कुणी मनाई केली होती रे?"

"शत्रू यायचे ना."

"शत्रू कसले येतायत! माझे गुडघेच गेले की वाटेत."

वर पोचल्यावर मात्र ती खूश असायची. चौकात बसून भाजलेले चेस्टनट खायचे, घाण्यावरचं ताजं तिखट ऑलिव्हचं तेल पावावर ओतून घ्यायचं, अनोळखी बायकांशी गप्पा मारायच्या. ओत्तोरीनो खाली गाडीपाशी राहायचा. टेबलावर पेलाभर पाणी ठेवून गाडी तिरकी आहे का बघायची आणि चाकाखाली लाकडं सरकवत बसायचं, हा त्याचा आवडता उद्योग.

हा सगळा फेरफटका एकाच ठिकाणी संपायचा. एक नोव्हेंबरच्या संध्याकाळी दोघं रोक्काविंताला पोचायची. ते नीवेसचं माहेर आणि एके काळचं दोघांचं गाव. शेवंतीची कुंडी आदल्या दिवशीच घेऊन मोरीत ठेवलेली असायची. दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव कबरस्तानात जातं. तिथल्या भिंतीत शवपेट्यांचे कप्पे आहेत; खालून दुसऱ्या रांगेत त्यांची लेक ओर्नेला होती. वय वर्षं सहा.

ओर्नेला गेली तेव्हा नीवेस पेरुजाच्या इस्पितळात होती. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं, अंगाला नळ्या लावलेल्या. इकडे पोरीला मेंदूज्वर झाला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. डॉक्टर ओत्तोरीनोला म्हणाले, "आत्ता लगेच नका सांगू त्यांना." झालं. त्या 'आत्ता'चे त्यानं नऊ दिवस केले. रोज खाटेशेजारी बसून सांगायचा, ओर्नेला मावशीकडे आहे, छान जेवते, तुझी आठवण काढते. पोरीला पांढरा फ्रॉक त्यानं घातला, पायांत नवे बूट त्यानं चढवले, पेटीवर झाकण बसताना तो एकटा उभा होता. दहाव्या दिवशी नीवेस घरी आली आणि चादर काढलेला छोटा पलंग बघून तिला कळलं.

ती वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली. दोघं गाव सोडून मोदेनाला गेली आणि दिवस सरले. त्या नऊ दिवसांबद्दल मात्र दोघांपैकी कुणी पुन्हा तोंड उघडलं नाही. दुसरं मूल झालं नाही.

या वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं. भिंतीतला कप्पा कुणाला कायमचा मिळत नाही, मुदतीवर मिळतो. ती सरली की कप्पा उघडतात, जे राहिलं असेल ते जस्ताच्या छोट्या पेटीत गोळा करतात आणि घरच्यांच्या हातात देतात. घरचे ती पेटी आपल्या आईवडिलांच्या शेजारी ठेवतात. घरचं कुणी आलंच नाही, तर पेटी सामायिक अस्थिघरात रिकामी होते. तिथं खाली सगळी एकत्र, कोण कुणाचं काही राहत नाही. पूर्वी मुदत चाळीस वर्षांची होती. जागा पुरेना म्हणून ती तीसवर आणली, आणि ओर्नेलाची तीस भरली होती. चोवीस ऑक्टोबर, सकाळी दहा. घरच्यांपैकी एकानं हजर राहावं.

पत्र ओत्तोरीनोनं घडी करून विम्याच्या कागदांत खुपसलं. नीवेसला सांगायचं नाही, हे त्यानं जिन्यातच ठरवलं होतं. तिला सोसणार नाही. आपण एकट्यानं जायचं, पेटी सासऱ्यांच्या कप्प्यात ठेवायची, दोन तारखेला तिला नवी पाटी दाखवायची आणि मग सांगायचं. बेत वाईट नव्हता हो. अमलात आणला असता तर.

कबरस्तानाचा राखणदार ग्वाल्तिएरो म्हणजे त्याचा जुना पत्त्यांचा भिडू. त्यानं ऑक्टोबरच्या सुरुवातीला फोन केला. "फाटकावर यादी लावलीय, पहिलंच नाव तुमचं आहे. येतोयस ना?"

"येतो की. येणार म्हणजे येणारच," ओत्तोरीनो गाडीमागे जाऊन हळू आवाजात म्हणाला.

"कुणाचा फोन?" नीवेसनं खिडकीतून विचारलं.

"गॅसवाल्याचा."

बेवान्याला एका संध्याकाळी पाऊस लागला. दोघं आत बसून मसूर आणि सॉसेज खात होती. नीवेस मधेच थांबली. म्हणाली, "दहा वर्षांनी उघडतील ना रे ओर्नेलाचं? मी अठ्ठ्याहत्तरची असेन. तेव्हा मी असायला हवी रे, ओत्तोरी. नाहीतर कोण येणार तिच्यासाठी?"

अरे, आता तरी बोल! विम्याचे कागद हाताच्या अंतरावर होते. समोर बायको, हातात वेळ, बाहेर पाऊस. यापेक्षा बरी वेळ कुठली यायची होती? पण हा पठ्ठ्या म्हणाला, "असशील गं. तुला काय धाड भरलीय?" आणि पाव कापायला लागला.

चोवीस तारखेला दोघं त्रेवीच्या पायथ्याशी होती. तिथून सव्वाआठची बस साडेनऊला रोक्काविंताला पोचते. ओत्तोरीनो पहाटेच उठला, दाढी केली, कोट घातला. गॅसची टाकी बदलून आणतो आणि मोटारवाल्याला ब्रेकचं विचारून येतो, दुपार होईल, असं त्यानं नीवेसला सांगितलं.

"टाकी आणायला कोट?" ती पांघरुणातून म्हणाली. "बघ हं, गॅसवाली असेल कुणीतरी!"

"आहेच मुळी," तो म्हणाला आणि बाहेर पडला. टाकी हातात घ्यायची राहिलीच.

थांब्यावर तो एकटाच होता. खाली खोऱ्यात धुकं भरलेलं. इतके दिवस तो स्वतःला समजावत होता की हे सगळं नीवेससाठी चाललंय. त्या थांब्यावर ते समजावणं संपलं. त्याला दिसत होते ते बूट. ते त्यानं बांधले होते, पट्टा एक भोक आवळून, कारण थोडे मोठे झाले होते. आता झाकण उघडणार आणि त्या बुटांचं काय झालंय ते आपल्याला बघावं लागणार. सोसणार नव्हतं ते नीवेसला नाही, त्याला. तीस वर्षांपूर्वीही असंच होतं. डॉक्टरांचं निमित्त.

बस आली. दार उघडलं. चालक तरुण होता. त्यानं कोटातल्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि वाट पाहिली. अर्धं मिनिट, पुरतं मिनिट. स्टिअरिंगवर बसून असं थांबणं काय असतं ते ओत्तोरीनोला चांगलं ठाऊक होतं.

"येताय ना, आजोबा?"

"नाही," ओत्तोरीनो म्हणाला. "तू जा बाबा. तुला उशीर होईल."

बस गेली. त्यानं फोन बंद केला. ग्वाल्तिएरो आपलाच माणूस आहे, करील काहीतरी, पेटी ठेवील बाजूला, असं पुटपुटत तो चौकापर्यंत चढला. बाकावर दुपारपर्यंत बसला. मग चेस्टनटचा पुडा घेऊन खाली आला. गॅसवाला बंद होता म्हणाला. नीवेसनं पुडा घेतला, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चेस्टनट सोलायला बसली.

पुढचे आठ दिवस त्यानं फोन उघडला नाही. एक तारखेला म्हणाला, "माझा पाय दुखतोय गं. या वर्षी राहू दे का?"

"तू गाडीत बस. मी जाते. एकदाही चुकवलेलं नाही आपण." तिनं शेवंतीला पाणी घातलं.

दोन तारखेला कबरस्तानात सगळं गाव होतं. कुणी पाट्या पुसत होतं, कुणी शिडीवर चढून वरच्या रांगेत फुलं ठेवत होतं. नीवेस कुंडी पोटाशी धरून पुढे, गाडीत बसवेना म्हणून ओत्तोरीनो मागे. दुसऱ्या रांगेशी ती थांबली. जिथं ओर्नेलाचा फोटो असायचा तिथं नव्या सिमेंटचा करडा चौकोन होता.

"रांग चुकले का रे मी?" तिनं विचारलं. तिनं डावीकडची पाटी वाचली, उजवीकडची वाचली. दोन्ही त्याच होत्या.

ग्वाल्तिएरो त्यांना बघून लगबगीनं आला. डोक्यावरची टोपी त्यानं काढली होती.

"कुठं होतात रे तुम्ही? फोन करून करून थकलो मी! कारकुनाला म्हटलं, थांबा, ओत्तोरीनो बसवाला आहे, तो उशीर करायचा नाही. दहाचे अकरा झाले. बारापर्यंत थांबलो, नीवेस. पेटी अशी मांडीवर घेऊन बसलो होतो मी, खाली ठेवायला धजेना. मग कारकून म्हणाला, सही करा."

"कसली पेटी?" नीवेस म्हणाली.

ग्वाल्तिएरोनं ओत्तोरीनोकडे बघितलं. ओत्तोरीनो खाली बघत होता. तेवढ्यानं नीवेसला सगळं कळलं. तिला या माणसाची सवय होती.

"पत्र आलं होतं?"

"ऑगस्टमध्ये," ओत्तोरीनो म्हणाला. "मला वाटलं, तुला सोसणार नाही. नीवेस, मी बसपर्यंत गेलो होतो गं..."

"मला सोसणार नाही." ती हे अगदी शांतपणे म्हणाली. "तेव्हाही मला सोसणार नव्हतं. मी तिला आंघोळ घातली नाही. फ्रॉक घातला नाही. कपाळाला ओठ लावले नाहीत. मी म्हटलं, असू दे. उघडतील एक दिवस, तेव्हा देतील माझ्या हातात. हाडं तर हाडं. माझीच ना ती! तेवढ्यासाठी मी गोळ्या वेळेवर खात होते, ओत्तोरी. मला एकदा घ्यायची होती तिला."

शेजारच्या शिडीवरची बाई फडकं हातात धरून तशीच थांबली होती.

"वेगळी नाही ना काढता येणार आता?" नीवेसनं ग्वाल्तिएरोला विचारलं.

"नाही गं. खाली सगळी एकत्र."

"जड होती का?"

"काय सांगू? मांडीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. बुटाचं एक बक्कल तेवढं राहिलं होतं. तेही आतच गेलं."

अस्थिघराचं लोखंडी झाकण कुंपणाच्या कोपऱ्यात होतं. नीवेस तिथवर चालत गेली, शेवंती ठेवली आणि शेजारी दगडी कठड्यावर बसली. दोन्ही हात तिनं मांडीवर उताणे ठेवले होते. ओत्तोरीनो मागून आला आणि तिच्याजवळ बसायला वाकला.

"तिथंच उभा राहा," ती म्हणाली.

तो उभा राहिला. घंटा वाजली, पाद्री प्रार्थना म्हणून गेला, लोक घरी जेवायला गेले. तिनं त्याला बस म्हटलं नाही आणि तो बसला नाही.