मूर्च्छा आणि मूर्छे

आमच्या घरात त्या योजनेला पहिला विरोध केला तो सासऱ्यांनी, आणि तिला पहिली मदत केली ती मी. अप्पा, म्हणजे सासरे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. जन्म लोकांचे कागद सांभाळण्यात गेला, त्यामुळे कागदाला त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस अख्ख्या नवनगरात नसेल. घरोघरी जाऊन प्रत्येकाचे आजार नोंदवायचे आणि एकेकाला आरोग्याचं कार्ड द्यायचं असं सरकारने ठरवलं, तेव्हा अप्पांनी आपल्यासारखे तीन म्हातारे जमवले, कचेरीसमोर खुर्च्या टाकल्या आणि अर्ज दिला. आधी दवाखान्यात डॉक्टर आणा, गोळ्या आणा, एवढा पैसा ओतून आमची दुखणी कशाला गोळा करता, असं त्यांचं म्हणणं.

"डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरपाशी राहतंय," ते मला म्हणाले. "सरकारला सांगितलेलं कुठं कुठं जाईल, कोण बघून आलंय? हात दाखवून अवलक्षण आहे हे, बघ."

मी हसले. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि नोंदीचं काम आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात पडलं होतं. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? ज्यांना कुणी विचारत नाही अशा बायकांना निदान कुणीतरी "तुम्हाला काय होतंय?" असं विचारेल, हे मला चांगलं वाटलं होतं. अप्पांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं.

सराव म्हणून पहिली नोंद आमच्याच घराची केली. इकडचा सरकारी कारभार कन्नड, त्यामुळे मोबाइलवरही सगळं कन्नडमध्ये. मी कन्नडमध्ये भाजी घेते, भांडते, पोरांना पाढे शिकवते, पण आमच्या घरात आजारी पडायचं ते मराठीतच. नवऱ्याच्या नावापुढे आजारांची यादी आली, तीत एक शब्द दिसला, मूर्छे. आदल्याच महिन्यात संकष्टीचा उपास करून हा भर उन्हात गाडी धूत होता आणि चक्कर येऊन अंगणातच आडवा झाला होता. पाणी मारल्यावर दोन मिनिटांत उठून चहा मागितला. आमच्या भाषेत याला मूर्च्छा म्हणतात. मी खूण केली. प्रामाणिकपणाची हौस, दुसरं काय!

कन्नडमध्ये मूर्छे रोग म्हणजे फेफरं. बोलताना सगळे 'फिट्स' म्हणतात, त्यामुळे तो कागदावरचा शब्द माझ्या कानावरून कधी गेलाच नव्हता. आणि माझा नवरा गाडी चालवतो. उणकलच्या बायकांना सकाळी गोकुळ रोडच्या कारखान्यांत सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, यावर आमचं घर चालतं.

हे कळलं तेव्हा लायसन्सचं नूतनीकरण आलं होतं. मी सोबत गेले होते. खिडकीतला माणूस पडद्याकडे बघून अगदी सौम्यपणे म्हणाला, "अण्णा, निमगे मूर्छे रोग ऐति अंत तोरसाकत्तैतल्लरी." तुम्हाला फेफरं आहे असं दाखवतंय. नवरा हसला, दुसऱ्याच कुणाचं असेल म्हणाला. मी हसले नाही. मला मी केलेली ती खूण आठवली.

घरी येऊन सांगितलं तेव्हा वाटलं, हा आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "काढून टाक की मग." पण काढायची सोय नव्हती. आजारापुढे दोनच पर्याय होते, चालू आहे किंवा बरा झाला. नव्हताच, असा पर्याय कुणी ठेवलाच नव्हता. अप्पांनी चार अर्ज लिहिले, कोर्टातल्या त्या जुन्या वळणदार अक्षरात. "बरा झाला म्हणून सही करू नको," ते मुलाला बजावत होते. "सही केलीस की होता असं कबूल केलंस." मुलगा तीन आठवडे बिनकामाचा घरी बसला आणि मग त्याने सही केली. कधी न झालेल्या रोगातून बरा झाल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला. लायसन्स मिळालं, पण अटीवर. पुन्हा तसं काही झाल्याची नोंद आली, तर कायमचं बंद. आणि नोंद आता खाजगी डॉक्टरांनाही करावी लागते.

मला वाटलं, सुटलो.

गेल्या गणपतीनंतरची गोष्ट. सकाळी हा दाढी करत होता. भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले. हा न्हाणीघराच्या दारात पडलेला, तोंडाला साबणाचा फेस. साबणाचाच होता, असं मी स्वतःला अजून सांगते. उजवा हात ताठ झाला होता की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. त्या दिवशी उपास नव्हता, ऊन नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "किती वेळ?" मी घड्याळ बघितलंच नव्हतं.

अप्पा काठी न घेताच आले. "चल, दवाखान्यात ने त्याला," ते म्हणाले. "माझंही नाव घाला पाहिजे तर, काय ते कार्ड करा. पण पोराला दाखव गं."

आणि मी, जी अप्पांना हसले होते, ती मी म्हणाले, "नको."

नवऱ्याने तोंड धुतलं, शर्ट घातला, किल्ली घेतली. उणकलला बायका थांबल्या असतील, म्हणाला. त्यांतल्या दोघींच्या मुली माझ्या वर्गात आहेत. मी त्याला अडवलं नाही. पर्स उचलली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

तेव्हापासून रोज बसते. शाळा उलट्या बाजूला आहे, तरी गोकुळ रोडपर्यंत जाते आणि बसने परत येते. संध्याकाळी पुन्हा तेच. मागच्या बायकांना मोठी गंमत वाटते. "अक्कोरे, गंडन्न बिट्टु इरूदिल्ल नोडरी नीवु!" नवऱ्याला सोडून राहवतच नाही बाई तुम्हाला, असं म्हणून त्या खिदळतात. शिक्षिकेला इकडे अक्कोरु म्हणतात, मान देऊन. मीही हसते. हसताना माझा उजवा हात हँडब्रेकवर असतो, आणि नवऱ्याला ते माहीत आहे.